गाडीचा धूर, पीयूसी आणि सरकारचे नियम: खान्देशातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात हायवेला लागून माझं डिझेलचं गॅरेज आहे. वीस वर्षांपासून डिझेलचे पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारी नोझल खोलतोय. गाडी रॅम्पवर असताना, चहा पिता पिता गाडीवाले जे विचारतात तेच प्रश्न इथे लिहिले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, ती लांबू दिली. अर्धवट माहितीपायी लोकांचे पैसेही जातात आणि धूरही तसाच राहतो. कामावर असताना मी तोंडाला पांढरा रुमाल बांधतो. संध्याकाळी सोडला की नाकासमोर रुपयाएवढे दोन काळे डाग दिसतात. हवा कशी आहे हे मला रोज त्या रुमालावरून कळतं.

जळगावची हवा खरंच वाईट आहे का? इथे दिल्लीसारखं धुरकं तर दिसत नाही.

डोळ्यांना दिसत नाही, पण मोजणीत दिसतं. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा सलग पाच वर्षं ठरलेल्या मर्यादेपेक्षा खराब निघाली, ती शहरं त्यात घेतली. महाराष्ट्राच्या यादीत मुंबई, पुणे, नाशिक, चंद्रपूर यांच्या जोडीला जळगावचंही नाव आहे. सुरुवातीला लक्ष्य होतं २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत धुलिकण २० ते ३० टक्के कमी करायचे. पुढे ते वाढवून २०२५-२६ पर्यंत ४० टक्के केलं.

मोजतात ते मुख्यतः दोन कण. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे, आणि पीएम २.५ म्हणजे त्याहूनही बारीक. आपल्या देशाची मर्यादा अशी: पीएम १० ची वर्षभराची सरासरी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, एका दिवसाची १००. पीएम २.५ साठी हेच आकडे ४० आणि ६०. डिझेलची काजळी बहुतेक बारीक कणांत मोडते. ती नाकात, घशात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. जळगावच्या हवेतला सगळा कण काही सायलेन्सरमधून येत नाही. खोदून ठेवलेले रस्ते, साइडपट्टीची सुटी माती, पेटवलेला कचरा, सगळं त्यात असतं. पण साइडपट्टीची माती वर उडवते कोण? चाकंच ना? अजिंठा चौफुलीवर मे महिन्यात दुपारी पाच मिनिटं उभे राहा, एक भरलेला ट्रेलर कच्च्या कडेवरून गेला की काय होतं ते बघा. म्हणून या कार्यक्रमातल्या शहरांच्या आराखड्यांत पीयूसीबरोबर, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीबरोबर, रस्ते झाडायची यंत्रं आणि कडा पक्क्या करण्याचं कामही असतं. मला विचाराल तर आपल्याकडे हे दुसरं काम पहिल्याइतकंच मोठं आहे आणि त्याकडे कमी लक्ष जातं.

धुळे, नंदुरबारचं नाव यादीत नाही. म्हणजे तिथे चिंता नाही?

तसा अर्थ काढू नका. पीयूसी, बीएस, दंड हे नियम देशभर सारखे आहेत, यादीतल्या शहरांपुरते नाहीत. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे हायवे एकमेकांना छेदतात. तिथल्या चौफुलीवर टपरी चालवणाऱ्याच्या फुप्फुसाला यादीशी काही देणंघेणं नाही.

बीएस-तीन, बीएस-चार, बीएस-सहा म्हणतात ते नेमकं काय?

बीएस म्हणजे भारत स्टेज. गाडी कारखान्यातून बाहेर पडताना तिने जास्तीत जास्त किती विषारी वायू आणि किती काजळी सोडावी, याची मर्यादा. आकडा वाढला की मर्यादा कडक होते.

सरकारने धुराविरुद्ध जे जे केलं त्यात सगळ्यात जास्त फरक याने पडला, असं मी वीस वर्षांच्या कामावरून सांगतो. कारण यात मालकाच्या मर्जीवर काही सोडलेलं नाही. इंजिन आणि इंधन दोन्ही मुळातच बदलले. सुरुवात पेट्रोलमधलं शिसं काढण्यापासून झाली; २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. मग आपल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने इंधन आणि गाड्यांच्या धुराचा पुढचा टप्प्याटप्प्याचा रस्ता आखून दिला. त्या समितीचा अहवाल २००२ चा.

टप्पे आले, पण सगळीकडे एकदम आले नाहीत, आणि याची मला अजून खंत वाटते. २०१० मध्ये बीएस-चार सुरू झालं ते १३ शहरांत. त्यात मुंबई, पुणे, सोलापूर आणि आपल्या शेजारचं सुरत होतं. म्हणजे त्या वर्षी सुरतेत चांगलं डिझेल आणि सीमा ओलांडून नवापुरात आलं की बीएस-तीनचं. मालट्रक तर जिथे डिझेल स्वस्त तिथे भरतो आणि कुठेही चालतो. त्यामुळे बीएस-चार ट्रकला देशभर लागू करता येईना. संपूर्ण देशात बीएस-चार व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडलं. त्याच वेळी सर्वोच्च न्यायालयाने बीएस-तीन गाड्यांची विक्री थांबवली. मार्चच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत दुचाकीच्या शोरूमसमोर लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील.

नंतर सरकारने बीएस-पाच गाळून थेट बीएस-सहावर उडी मारली. १ एप्रिल २०२० पासून देशभर, एकाच दिवशी. डिझेलमधलं गंधक बीएस-तीनला दहा लाख भागांत ३५० भाग होतं, बीएस-चारला ५०, आता फक्त १०. गंधक कमी झालं म्हणूनच काजळी पकडणारा फिल्टर गाडीला लावता आला, नाहीतर तो महिन्यात तुंबला असता. बीएस-चार डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम काजळीची मुभा होती, ती साडेचारवर आली. नायट्रोजनचे ऑक्साइड २५० वरून ८० वर. एप्रिल २०२३ पासून आणखी एक टप्पा जोडला: प्रयोगशाळेतल्या रोलरवरच नव्हे, तर प्रत्यक्ष रस्त्यावर चालवूनही धूर मोजायचा.

फरक बघायचा असेल तर बीएस-सहा डिझेल कारच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघा. बोट जवळपास कोरडं आणि स्वच्छ निघतं. पंधरा वर्षांच्या जीपमध्ये फिरवा, बोटाला काजळ लागतं.

माझी गाडी कोणत्या बीएसची हे कसं ओळखायचं?

आरसीवर लिहिलेलं असतं. शिवाय काचेवरचं इंधनाचं स्टिकर बघा: फिकट निळं म्हणजे पेट्रोल किंवा सीएनजी, केशरी म्हणजे डिझेल. त्यावर वर हिरवी पट्टी असेल तर गाडी बीएस-सहा.

पीयूसी किती दिवस चालते? खर्च किती?

नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. नंतर बीएस-चार आणि बीएस-सहा गाडीला एक वर्ष, त्याहून जुन्या गाडीला सहा महिने. महाराष्ट्रात २०२२ मध्ये ठरलेले दर: दुचाकी ५० रुपये, पेट्रोल तीनचाकी १००, पेट्रोल-सीएनजी-एलपीजी चारचाकी १२५, डिझेल गाडी १५०.

पीयूसी करताना खरंतर काय करायला पाहिजे? आमच्याकडे फोटो काढतात आणि कागद देतात.

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं. पीयूसी म्हणजे कागद नव्हे, ती तपासणी आहे.

पेट्रोल गाडीत गॅस ॲनालायझरची नळी सायलेन्सरच्या आत किमान ३०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास एक फूट जायला हवी. गाडी गरम असावी आणि आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू. मशीन कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत दाखवतं आणि न जळलेलं इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन, दहा लाखांत किती भाग ते दाखवतं. बीएस-चार आणि पुढच्या पेट्रोल कारला आयडलवर ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि २०० भाग हायड्रोकार्बन ही मर्यादा आहे.

डिझेल गाडीची रीत वेगळी. गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. असं अनेकदा. दर वेळी धूर किती दाट आहे ते स्मोक मीटर मोजतं आणि सरासरी काढतं. धुराच्या दाटपणाचं माप म्हणजे हार्ट्रिज युनिट; जुन्या डिझेल गाडीला मर्यादा ६५, बीएस-चारला ५०. इंजिन गार असताना ही तपासणी करू नये, आकडा चुकीचा येतो.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाची पिकअप घेऊन मी स्वतः एका पीयूसी व्हॅनपाशी गेलो होतो. गाडीचं काम अजून झालेलं नव्हतं, मला फक्त आधीचा आकडा हवा होता, म्हणजे काम झाल्यावर तुलना करता आली असती. व्हॅनवाल्या पोराने नंबर प्लेटचा फोटो काढला, नळी बंपरवर टेकवून ठेवली आणि दोन मिनिटांत ‘पास’चा कागद माझ्या हातात दिला. गाडी आयडललासुद्धा काळा धूर सोडत होती! मी म्हटलं, बेटा, नळी आत घाल. तो म्हणाला, ‘काका, पास तर झाली ना.’ त्या पोराचा मला राग आला नाही, त्याला कुणी तसंच शिकवलेलं असणार. पण अशा खोट्या पासमुळे गाडीवाल्याला वाटतं गाडी ठीक आहे, आणि तो नोझल कधीच दाखवत नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: समोर उभे राहा, नळी आत गेली का ते बघा, स्क्रीनवरचा आकडा बघा, आणि कागदावर तोच आकडा छापलाय का ते तपासा. पैसे तुम्ही मोजलेत, तपासणीवर तुमचा हक्क आहे. जून २०२१ पासून देशभर पीयूसीचा एकच नमुना आहे, त्यावर क्यूआर कोड असतो. गाडी नापास झाली तर नापास का झाली हे लिहिलेली स्लिपही त्यांनी द्यायची असते. केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की तुमची पीयूसी खरोखर चढली आहे का ते दिसतं.

पीयूसी नसेल तर दंड किती?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीन महिने लायसन्सवर गदा. २०१९ च्या दुरुस्तीने हे एवढं वाढलं. रस्त्यावर तडजोडीने घेतला जाणारा दंड यापेक्षा कमी असतो. पण ५० रुपयांचं काम टाळायला एवढी जोखीम कशाला घ्यायची?

पीयूसी नसेल तर विमा निघत नाही म्हणतात.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलं होतं. त्याचा उलटा परिणाम झाला, बऱ्याच गाड्या विम्याशिवायच फिरायला लागल्या. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट काढली. विमा वेळेवर काढा, पीयूसीही काढा. दोन्ही वेगळी कामं आहेत.

गाडी नापास झाली. आता?

घाबरू नका. धुराचा रंग बघा, अर्धं निदान तिथेच होतं.

काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. सगळ्यात आधी एअर फिल्टर काढा. आपल्याकडे काळ्या मातीचा बारीक भुगा उडतो. कापूस, केळीच्या बांधावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या खूप आधी बसतो. मी कित्येकदा नुसता फिल्टर बदलून गाडी पास होताना पाहिली आहे. खर्च काही शे रुपये. त्याने नाही भागलं तर नोझल. चांगलं नोझल टेस्टरवर दाबलं की डिझेल धुक्यासारखं, सारख्या शंकूत उडतं, आणि दाबताना करकर असा आवाज येतो. खराब नोझल नळासारखी धार सोडतं किंवा टोकाला थेंब लोंबतो. तो थेंब जळत नाही, तोच धूर होऊन बाहेर येतो. त्यानंतर पंपाचं कॅलिब्रेशन, म्हणजे पंप किती डिझेल सोडतो ते जुळवणं. आणि कृपा करून पंपाचा स्क्रू फिरवून ‘पिकअप वाढवून’ घेऊ नका. निम्म्या काळ्या गाड्या या एका खोडीमुळे काळ्या असतात. डिझेल जास्त जातं, ॲव्हरेज पडतं, आणि मागच्या दुचाकीवाल्याचं तोंड काळं होतं.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंग गेल्या किंवा व्हॉल्व्ह सील गेले. हे खर्चिक काम आहे, पण पुढे ढकललं तर आणखी वाढतं. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा निळा धूर मात्र तिच्या रचनेतच असतो, ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं.

पांढरा धूर सकाळी थंडीत थोडा आला तर सोडून द्या. गाडी तापल्यावरही येत राहिला तर हेड गॅस्केट तपासा.

पेट्रोल गाडी कार्बन मोनॉक्साइडवर नापास झाली तर एअर फिल्टर, प्लग, आणि जुन्या गाडीत कार्ब्युरेटरची ट्युनिंग. नव्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू साफ करणारा डबा) किंवा ऑक्सिजन सेन्सर. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप लावून आलेल्या गाड्या मी रोज बघतो. ती गाडी नियमाने पास होऊच शकत नाही.

ट्रकचा युरिया बंद करून द्या ना. दर फेरीला खर्च होतो.

नाही. हे काम मी करत नाही आणि तुम्हीही कुणाकडून करून घेऊ नका.

ज्याला ड्रायव्हर युरिया म्हणतात ते शेतातलं खत नव्हे. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया असलेलं हे द्रावण आहे. गरम धुरात ते फवारलं की अमोनिया तयार होतो आणि तो विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात करतो. बाजारात एक छोटी डबी मिळते, ती संगणकाला फसवते की युरिया चालू आहे. डबी लावली की त्या ट्रकचा बीएस-सहा निव्वळ आरसीपुरता उरतो. सरकारने अठरा-वीस वर्षं टप्पे पाडून जे मिळवलं ते एका डबीने घालवायचं. शिवाय ही विनापरवाना फेरफार आहे. कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारीला ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोत्यातलं खत विकत आणून पाण्यात कालवणारेही भेटतात. त्यातल्या अशुद्धीने इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट दोन्ही बसतात, आणि तो कॅटॅलिस्ट युरियाच्या वर्षभराच्या खर्चापेक्षा महाग पडतो.

माझी जीप १५ वर्षांची झाली. भंगारातच घालावी लागेल का?

नाही. हा गैरसमज खान्देशात गावोगाव आहे. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद, हा आदेश दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रासाठी होता. जळगाव, धुळे, नंदुरबारला तो लागू नाही. ‘आता तुमची गाडी बंद होणार’ असं सांगून कमी भावात गाडी उचलणारे दलाल फिरतात, त्यांना भुलू नका.

आपल्याकडे नियम असा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. नंतर आरटीओकडे गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी ती वाढवायची. एप्रिल २०२२ पासून त्याची फी मात्र जबर वाढली: कारला ६०० चे ५,००० झाले, मोटारसायकलला ३०० चे १,०००. वीस वर्षांच्या पुढे गेलेल्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून याच्या दुप्पट. वर राज्याचा पर्यावरण कर आहेच. तो खासगी गाडीला १५ वर्षांनंतर आणि व्यावसायिक गाडीला ८ वर्षांनंतर लागतो. व्यावसायिक गाडीचं पासिंगही आठ वर्षांनंतर दर वर्षी. पंधरा वर्षांवरच्या मोठ्या ट्रकच्या फिटनेसची फी एप्रिल २०२२ मध्ये १,५०० ची १२,५०० झाली.

सरकारला यातून साधायचं काय आहे ते सरळ आहे: जुनी गाडी ठेवणं महाग करायचं. स्वतःच्या गाड्यांना त्याने सूटही दिलेली नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच होत नाही. पण गावाकडची माझी गिऱ्हाइकं बघतो तेव्हा वाटतं, जो माणूस वर्षातून दोन हजार किलोमीटर जीप चालवतो आणि ती नीट ठेवतो, त्याच्याकडून एवढी फी घेण्यापेक्षा दिवसाला चारशे किलोमीटर धावणारा काळा ट्रक आधी पकडायला हवा. वयापेक्षा धूर मोजा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी मोडायचीच असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं. त्यावर नवी गाडी घेताना रोड टॅक्समध्ये सवलत मिळते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली तर हा कागद मिळत नाही, आणि आरटीओत गाडी तुमच्याच नावावर राहते. उद्या तिचं इंजिन किंवा नंबर कुठे वापरला गेला तर पोलीस तुमच्या दारात येतील.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालतात. त्याने धूर कमी होतो की गाडीच खराब होते?

जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २० टक्क्यांचं लक्ष्य २०३० वरून अलीकडे ओढून २०२५ केलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे इंधन जास्त पूर्ण जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड घटतो. पण त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. गिऱ्हाईक तक्रार करतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या पेट्रोलसाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत रबरी पाइप, गॅस्केट, कार्ब्युरेटरचे वॉशर यांवर लक्ष ठेवा. इथेनॉल पाणी ओढतं. स्कूटर महिनोन् महिने उभी ठेवणार असाल तर टाकीचं झाकण घट्ट बसतंय ना ते बघा. इथेनॉल मक्यापासूनही होतं, आणि मक्याला गिऱ्हाईक वाढलं तर आपल्या शेतकऱ्याला ते हवंच आहे. तेवढ्यापुरतं मला हे धोरण पटतं.

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? वीज तर दीपनगरच्या कोळशावरच होते ना?

प्रश्न रास्त आहे, विशेषतः भुसावळकरांचा; दीपनगरचं कोळशावरचं वीज केंद्र त्यांच्या शेजारीच आहे. दीपनगरच्या चिमणीखाली राहणाऱ्याला ‘ही गाडी धूरच सोडत नाही’ असं सांगणं बरं नव्हे. धूर निघतो, फक्त जागा बदलते.

तरीही हिशोब इलेक्ट्रिकच्या बाजूने जातो, असं मला वाटतं. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाच्या ताकदीचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो, बाकी उष्णता होऊन उडतो. विजेची मोटर बॅटरीतली ८५-९० टक्के ताकद चाकाला देते. दुसरं, रिक्षाचा धूर फुले मार्केटच्या गर्दीत, शाळेतून येणाऱ्या पोराच्या नाकाच्या उंचीवर सुटतो. चिमणीचा धूर उंचावर सुटतो आणि एका ठिकाणी आहे, तिथे त्याला यंत्रं लावून आवरता येतं. लाखभर सायलेन्सरांना तसं आवरता येत नाही. तिसरं, वीज सगळी कोळशाची राहिलेली नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. घराच्या छतावर पॅनल असेल आणि दुपारी चार्ज करत असाल तर दीपनगरचा प्रश्नच उरत नाही. टायर आणि ब्रेकची झीज मात्र इलेक्ट्रिक गाडीतही होते, आणि कच्च्या साइडपट्टीवर ती तितकीच माती उडवते.

मदतीचं म्हणाल तर इलेक्ट्रिक गाडीवर अनुदान देणारी केंद्राची फेम-दोन योजना मार्च २०२४ ला संपली. १ ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटींची पीएम ई-ड्राइव्ह आली. त्यात अनुदान बिलातच वजा करायची पद्धत ठेवली, वेगळा अर्ज नव्हता. राज्याचं नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२५ ते २०३० साठी आहे. त्यात समृद्धी महामार्गावर टोलमाफीचीही तरतूद आहे, पण समृद्धी खान्देशातून जात नाही. आपल्या उपयोगाची सवलत म्हणजे गाडीच्या करातली. रिक्षावाल्याला माझा सल्ला: रोजचा धंदा ८०-९० किलोमीटरच्या आत असेल तर हिशोब मांडून बघाच.

शहरात बसच नाही, मग लोक दुचाकी काढणार नाहीत तर काय करतील?

खरं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम-ई-बस सेवा मंजूर केली: १०,००० इलेक्ट्रिक बस, तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी, त्यातही जिथे धड बससेवा नाही तिथे आधी. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या वर होतं, धुळे पावणेचार लाखांच्या आसपास. दोन्ही निकषात बसतात. नगरसेवक मत मागायला दारात आला की याच एका गोष्टीचं काय झालं, ते विचारा. एसटीनेही १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ सोडून इलेक्ट्रिकची सुरुवात केली. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं बसतात. तेवढ्याच माणसांच्या दुचाक्या आकाशवाणी चौकात सिग्नलला उभ्या राहिल्या की किती धूर होतो, ते रोज बघतोच आपण.

केळीच्या सीझनला ट्रकची रीघ लागते. त्यावर काही उपाय आहे?

दोन उपाय आहेत, दोन्ही सरकारच्याच हातातले. पहिला बायपास. नागपूर-सुरत हायवे जळगाव शहराच्या पोटातून जातो. तरसोद ते पाळधी बायपासचा हेतूच हा, की ज्या ट्रकला जळगावात काही उतरवायचं नाही त्याने शहरात येऊ नये. थांबत-सुटत चालणारा भरलेला ट्रक मोकळ्या रस्त्यावरच्या ट्रकपेक्षा कितीतरी जास्त धूर सोडतो.

दुसरा रेल्वे. रावेर, सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीला जाते, हे आपल्याकडे नवीन नाही. ऑगस्ट २०२० मध्ये देशातली पहिली किसान रेल्वे देवळालीहून दानापूरला सुटली, तीही जळगाव-भुसावळवरून. डबे वेळेवर मिळाले तर शेतकरी आणि व्यापारी रेल्वेलाच पसंती देतात, कारण माल कमी खराब होतो. डबे नाही मिळाले की तोच माल ट्रकवर चढतो. रेल्वेचे डबे मागणं ही धुराविरुद्धचीसुद्धा मागणी आहे, हे केळी उत्पादकांनी ठासून सांगायला हवं.

ट्रॅक्टरला हे नियम नाहीत का?

ट्रॅक्टरचे नियम वेगळे, आणि सैल. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून कडक मर्यादा लागली. पण आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर ५० च्या आतले आहेत. शेतात ठीक, पण वाळू आणि विटांच्या ट्रॉल्या ओढत तेच ट्रॅक्टर दिवसभर शहरात फिरतात. ही फट बुजवायला हवी.

एखादी गाडी सतत काळा धूर सोडताना दिसते. तक्रार कुठे करायची?

आरटीओत. जळगावच्या एमएच १९, धुळ्याच्या एमएच १८, नंदुरबारच्या एमएच ३९, तीनही ठिकाणी लेखी अर्ज घेतात. गाडी मर्यादेबाहेर धूर सोडते अशी खात्री वाटली तर अधिकारी तिला तपासणीला बोलावू शकतो, भले तिच्याकडे चालू पीयूसी असो. मालकाने आणली नाही तर पीयूसी मिळेपर्यंत नोंदणी निलंबित करता येते. अर्जात गाडी नंबर, तारीख, वेळ, ठिकाण आणि जमलं तर मोबाइलचा व्हिडिओ द्या. पोच घ्या. त्याची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव किंवा धुळ्याच्या कार्यालयालाही द्या.

चैत्रात वणीच्या देवीला पायी निघालेली माणसं हायवेच्या कडेने चालत असतात, लहान पोरं कडेवर घेऊन. त्या दिवसांत असे अर्ज हमखास करा. धूर कुणाच्या तोंडावर जातो ते तेव्हा स्पष्ट दिसतं. आणि एक कामाची गोष्ट: ज्या गाडीची तक्रार करायची असते, तिची मागची नंबर प्लेट काजळीने इतकी माखलेली असते की आकडे वाचता येत नाहीत. चौफुलीवर गाडी अडकली की पुढे जाऊन पुढचा नंबर टिपून घ्या.